पन्नास मिनिटांचं व्याख्यान आणि ५.६ चा आकडा

मागच्या सेमिस्टरमध्ये मी एक चूक केली, तिथूनच सुरुवात करते.

आमच्या वसतिगृहाच्या मेस कमिटीवर माझी एक मैत्रीण आहे. एके रात्री तिचा मेसेज आला : "कॉलेजच्या मुलांना मांसाहार कमी करा असं सांगितलं तर ते खरंच करतात का गं? काही रिसर्च आहे का यावर? उद्या मीटिंग आहे, एक पान लिहून दे ना." मेसमध्ये नॉनव्हेजचा एक वार कमी करायचा आणि त्याआधी आरोग्य आणि पर्यावरण या विषयावर सगळ्यांसाठी एक व्याख्यान ठेवायचं, असा प्रस्ताव होता. या विषयावरचा एक गाजलेला पेपर मी वाचला होता, म्हणजे वाचला होता असं मला वाटत होतं. तासाभरात मी पान लिहून टाकलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं :

"अमेरिकेत हवामानबदलावरच्या केवळ पन्नास मिनिटांच्या व्याख्यानामुळे कॉलेज विद्यार्थ्यांचा मांसाहार ५.६ टक्क्यांनी घटला आणि तो परिणाम तीन वर्षं टिकला."

पाठवण्याआधी सहज म्हणून ते पान सरांना (म्हणजे माझ्या गाइडना) दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि या एका वाक्यातल्या तीन शब्दांखाली रेघा मारल्या. 'टक्क्यांनी', 'हवामानबदलावरच्या' आणि 'मांसाहार'. म्हणाले, "तीन चुका आहेत. पेपर परत वाच आणि शोध."

आजचा लेख म्हणजे त्या तीन रेघा. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताय, इंटरव्ह्यूमध्ये "एखादा पेपर सांगा आणि त्याची चिकित्सा करा" असं हमखास विचारतात. चिकित्सा म्हणजे पेपरला नावं ठेवणं नव्हे. पेपरनं नेमकं काय सिद्ध केलं, आणि आपण वाचताना त्यात काय काय भरून घेतलं, हे वेगळं करणं म्हणजे चिकित्सा. हा पेपर त्यासाठी फार चांगला आहे, कारण तो मुळात चांगला पेपर आहे.

पेपरमध्ये आहे काय?

लॉस एंजेलिसमध्ये ऑक्सिडेंटल कॉलेज नावाचं एक छोटं कॉलेज आहे. तिथले अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू जलील आणि त्यांचे सहकारी जोशुआ टासॉफ व आर्तुरो वर्गास बुस्तामांते यांनी विद्यार्थ्यांवर एक रँडमाइज्ड प्रयोग केला. यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला पन्नास मिनिटांचं व्याख्यान दिलं : मांसाच्या उत्पादनाचा हवामानबदलात किती वाटा आहे, आणि मांस कमी खाल्ल्यानं तब्येतीला काय फायदा होतो. दुसऱ्या गटाला ते दिलं नाही. मग दोन्ही गटांतले विद्यार्थी कॅम्पसवर काय काय विकत घेऊन खातात, त्याच्या नोंदी तपासल्या.

पहिला पेपर २०२० मध्ये 'फूड पॉलिसी' या जर्नलमध्ये आला. निष्कर्ष : व्याख्यान ऐकलेल्या गटात मांसाचं जेवण घेण्याची शक्यता ४.६ टक्केबिंदूंनी कमी झाली आणि वनस्पतीजन्य जेवण घेण्याची शक्यता ४.२ टक्केबिंदूंनी वाढली. त्याच प्रयोगाचा पुढचा भाग २०२३ मध्ये 'नेचर फूड'मध्ये आला. आता तीन वर्षांच्या, एक लाखाहून अधिक जेवणांच्या नोंदी हाताशी होत्या. घट ५.६ टक्केबिंदू, आणि ती ओसरत असल्याची चिन्हं नाहीत.

यातली खरी ताकद कशात आहे? मला विचाराल तर, विद्यार्थी काय खातात हे त्यांना विचारून ठरवलेलं नाही यात. 'तुम्ही आठवड्यातून किती वेळा मांस खाता?' असा प्रश्न, आणि तोही मांसावरचं व्याख्यान ऐकवल्यावर विचारला, तर उत्तर काय येणार? परीक्षेच्या आधी 'रोज किती तास अभ्यास करतोस?' असं विचारल्यावर येतं तसं. इथे उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून घेतलेलं नाही, खरेदीच्या नोंदीतून घेतलं आहे. दुसरी ताकद काळाची. या विषयावरच्या कितीतरी अभ्यासांत व्याख्यान संपल्या संपल्या 'आता कमी खाणार का?' असं विचारतात आणि 'हो'चे हात मोजतात. इथे तीन वर्षं थांबले. हे दोन गुण आधी मान्य करूया आणि मग रेघांकडे वळूया.

पहिली रेघ : 'टक्क्यांनी'

ही सगळ्यात सोपी चूक आणि सगळ्यात जास्त केली जाणारी. पेपर म्हणतो टक्केबिंदू, मी लिहिलं टक्के.

समजा शंभर जेवणांपैकी ५० जेवणांत मांस होतं आणि आता ४५ जेवणांत आहे. घट ५ टक्केबिंदूंची झाली, पण मूळ ५० च्या मानानं ती १० टक्के आहे. एकच बदल, दोन आकडे, दोन्ही खरे. कुठला वापरला हे सांगितलं नाही तर वाचक फसतो, कधी कधी लिहिणाराही.

याचं झकास उदाहरण केंब्रिज विद्यापीठातल्या एका अभ्यासात आहे. एमा गार्नेट आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा, 'पीएनएएस'मध्ये आलेला. तिथल्या कॉलेजांच्या कॅफेटेरियांमधल्या ९४,६४४ जेवणांचा हा अभ्यास. त्यातल्या एका कॅफेटेरियात प्रत्यक्ष प्रयोग केला : मेन्यूतल्या पर्यायांपैकी शाकाहारी पर्यायांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. शाकाहारी जेवणांची विक्री ७.८ टक्केबिंदूंनी वाढली. पण हीच वाढ सापेक्ष भाषेत सांगितली तर ४०.८ टक्के! पोस्टर लावायचं असेल तर कुठला आकडा निवडाल, सांगा बरं? आता वही काढा आणि ७.८ ला ०.४०८ नं भागा. १९ च्या आसपास येईल. म्हणजे सुरुवातीला शंभरातली साधारण एकोणीसच जेवणं शाकाहारी होती. पाया लहान असला की सापेक्ष आकडा मोठा दिसतो. दोन्ही आकडे दिले असतील तर पाया आपल्याला काढता येतो. एकच दिला असेल तर शंका घ्या.

पायाबद्दल आणखी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसवर एरिक श्वित्झगेबेल, ब्रॅड कोकेलेट आणि पीटर सिंगर यांनी तत्त्वज्ञानाच्या मोठ्या वर्गांत असाच प्रयोग केला. निम्म्या विद्यार्थ्यांना मांसाहाराच्या नैतिकतेवर वाचन आणि चर्चा, निम्म्यांना दानधर्माच्या नैतिकतेवर. २०२० च्या त्यांच्या पेपरमध्ये मांस असलेल्या खरेदीचं प्रमाण पहिल्या गटात ५२ वरून ४५ टक्क्यांवर आलं, दुसऱ्या गटात ५२ वरच राहिलं. पण हे ५२ टक्के कशाचे? ४.९९ डॉलर किंवा त्याहून महाग खरेदींचे. म्हणजे कॉफी, चिप्स वगळून, ज्याला आपण 'जेवण' म्हणू अशा खरेदींचे. त्याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात दोन्ही आकडे दिले आहेत : सगळ्या खरेदी धरल्या तर ३० वरून २३ टक्के, आणि फक्त ४.९९ डॉलरच्या वरच्या धरल्या तर ५१ वरून ४२. विद्यार्थी तेच, खाणं तेच, छेद बदलला की आकडा बदलला. शाळेत अपूर्णांक शिकताना बाई सांगायच्या, आधी छेद बघ. पीएचडीतही तेच.

आणि 'लाखभर जेवणं' वाचून हुरळून जाऊ नका. चिठ्ठ्या जेवणांच्या टाकलेल्या नाहीत. एकाच मुलाची पाचशे जेवणं म्हणजे पाचशे स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्याला चिकन बर्गर आवडतो तर तो पाचशे वेळा आवडतो. लेखक हे जाणतात आणि गणितात त्याची सोय करतात. पण बातमीत मोठा आकडाच जातो. रिव्हरसाइडच्या पहिल्या अभ्यासात १३,६४२ पावत्या होत्या, पण त्या ४९५ विद्यार्थ्यांच्या, आणि वर्गांत एकूण विद्यार्थी ११४३. उरलेल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचं खाणं आपल्याला दिसलंच नाही.

दुसरी रेघ : 'हवामानबदलावरच्या'

इथे मात्र मी थोडी अडून बसले. म्हटलं, "सर, पेपरच्या शीर्षकातच आहे!" आणि खरंच आहे. 'नेचर फूड'मधल्या पेपरच्या शीर्षकात हवामानबदलाविषयी माहिती देणारा कमी खर्चाचा उपाय असंच म्हटलंय.

सर म्हणाले, "शीर्षक कशाला वाचतेस? व्याख्यानात काय होतं ते वाच."

व्याख्यानात दोन गोष्टी होत्या, हवामान आणि आरोग्य. दोन्ही एकाच पन्नास मिनिटांत, एकाच वक्त्याकडून, एकाच गटाला. म्हणजे ट्रीटमेंट होती 'हवामान + आरोग्य + पन्नास मिनिटं एका जाणकारानं हा विषय महत्त्वाचा मानून तुमच्यासमोर बोलणं'. परिणाम झाला तो या सगळ्या गाठोड्याचा. त्यातल्या कुठल्या कपड्यानं ऊब दिली हे गाठोडं सोडल्याशिवाय कळायचं नाही.

यानं फरक काय पडतो? पडतो. समजा खरं काम आरोग्याच्या भागानं केलं असेल. मग एखादं विद्यापीठ हा पेपर वाचून फक्त हवामानावर व्याख्यान ठेवेल आणि काहीच घडणार नाही. उलट समजा काम हवामानाच्या भागानं केलं असेल, तर आरोग्याची पोस्टरं छापणं वाया.

आणि कारण बदललं की माणूस काय सोडतो आणि त्याऐवजी काय धरतो तेही बदलतं. हवामानाची काळजी करणारा बीफ सोडून चिकन खाईल, कार्बनच्या हिशोबात तो मोठा फायदा आहे. आरोग्याची काळजी करणारा सॉसेज, बेकन सोडेल. पण प्राण्यांच्या यातनांचा विचार करणारा (रिव्हरसाइडचा प्रयोग त्याबद्दल होता) बीफकडून चिकनकडे गेला तर त्याच्याच हिशोबानं उलटं होतं, कारण तेवढ्याच मांसासाठी एका गाईच्या जागी कितीतरी कोंबड्या लागतात. 'मांसाहार कमी करा' या एका वाक्याखाली तीन वेगवेगळी आवाहनं उभी आहेत, आणि ती नेहमी एकाच दिशेला जात नाहीत.

तुम्ही स्वतः असा अभ्यास आखणार असाल तर गाठोडं सोडायचा मार्ग सोपा आहे : चार गट. एकाला फक्त आरोग्य, एकाला फक्त हवामान, एकाला दोन्ही, एकाला भलत्याच विषयावरचं तेवढ्याच वेळाचं व्याख्यान. सोपा आहे, पण स्वस्त नाही. दोन विषय एकत्र आल्यानं काही वेगळंच घडतं का, हे पाहायचं असेल आणि तो वेगळेपणा मूळ परिणामाएवढाच मोठा असला, तरी तो तितक्याच खात्रीनं पकडायला सॅम्पल साधारण चौपट लागतं. एका छोट्या कॉलेजात एवढी मुलं आणायची कुठून? म्हणून जलील यांच्या टीमनं गाठोडं एकत्र ठेवलं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाठोड्यावर एकाच कपड्याचं नाव लिहिण्याबद्दल.

तिसरी रेघ : 'मांसाहार'

ही रेघ मला सगळ्यात उशिरा कळली. मांसाहार मोजलाय की! मग चूक कुठे?

पहिली गोष्ट, मोजलंय ते कॅम्पसवरच्या खरेदीतलं मांस. दुपारी कॅम्पसवर बीन्सचा बरिटो खाऊन रात्री बाहेर जाऊन बर्गर खाल्ला तर तो नोंदीत नाही. विद्यार्थी असं करतात असं मी म्हणत नाही, दोन्ही गट बाहेर सारखंच खात असतील तर तुलना शाबूत राहते. पण व्याख्यान ऐकलेल्यांनीच भूक बाहेर भागवली, तर मात्र परिणाम फुगलेला दिसेल. उलट्या बाजूनंही ओढ आहे. व्याख्यान ऐकलेला मुलगा आपल्या रूममेटला, जो दुसऱ्या गटात आहे, जेवताना सगळं सांगणार. मग रूममेटही थोडं कमी खाणार आणि दोन गटांतलं अंतर कमी दिसणार. चुकीचे दोन स्रोत, दोन दिशा. चिकित्सा लिहिताना दोन्ही दिशा लिहा. फक्त पेपरच्या विरुद्ध जाणारी दिशा लिहिली की ती चिकित्सा राहत नाही, वकिली होते.

तसंच, 'तीन वर्षं' म्हणजे तिसऱ्या वर्षीही जे कॅम्पसवर खरेदी करत होते त्यांची. चार वर्षांच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला असताना ज्यानं व्याख्यान ऐकलं, तो वर्षभरात पदवी घेऊन गेला. नोकरी लागल्यावर, स्वतः स्वयंपाक करायला लागल्यावर तो काय खातो, हे पावत्या सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. मांस कमी करणं हा कुणाचाच अंतिम हेतू नाही. हेतू आहे आरोग्य आणि पर्यावरण. मांस हे त्याचं मोजायला सोपं असलेलं प्रतिनिधी माप. प्रतिनिधी माप वापरायला हरकत नाही, पण प्रतिनिधी खरंच आपल्या मतदारांसाठी बोलतोय का हे अधूनमधून तपासावं लागतं.

पर्यावरणाचं घ्या. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ चा 'सायन्स'मधला पेपर या क्षेत्रात सगळे वापरतात. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवरून त्यांनी अन्नपदार्थांचं उत्सर्जन काढलं. दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात जागतिक सरासरी पाहा : मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ सुमारे ५० किलो, चीज सुमारे ११, कोंबडी सुमारे ६, अंडी ४ च्या आसपास, आणि डाळी-कडधान्यं १ किलोच्याही खाली. आता बघा, 'मांस' आणि 'मांस नाही' या दोन डब्यांत हे पदार्थ टाका. बीफ आणि कोंबडी एका डब्यात, चीज आणि मूग दुसऱ्या डब्यात. चिकन सोडून चीज पिझ्झा घेणाऱ्या मुलीची नोंद 'मांस घटलं' अशीच होणार, आणि या सरासरीनं तिचं उत्सर्जन मात्र वाढलेलं असणार. बीफ बर्गर सोडून चिकन सँडविच घेणाऱ्या मुलाची नोंद 'काही बदल नाही' अशी होणार, आणि त्याचं उत्सर्जन प्रचंड घटलेलं असणार. म्हणून हवामानाचा फायदा सांगायचा असेल तर आधी कशाऐवजी काय आलं ते बघायला हवं. एकट्या ५.६ या आकड्यात ते नाही.

आरोग्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं, आयएआरसीनं, २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस 'गट १' मध्ये टाकलं, म्हणजे त्यामुळे कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, आणि रेड मीट 'गट २ए' मध्ये. तंबाखूही गट १ मध्येच आहे. लगेच 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' अशा बातम्या आल्या. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. धोक्याचा आकडा वेगळा आहे : रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे टक्के की टक्केबिंदू? सापेक्ष टक्के. पहिली रेघ आठवली ना?

व्याख्यानाशिवाय

केंब्रिजचा अभ्यास मी पहिल्या रेघेत फक्त गणितासाठी वापरला, पण त्याचं महत्त्व वेगळं आहे. तिथे कुणाला काही सांगितलंच नाही. फक्त चार पर्यायांत एकाऐवजी दोन शाकाहारी ठेवले. आणि ज्यांचं आधीचं शाकाहारी खाणं सगळ्यात कमी होतं, त्यांच्यातच बदल सगळ्यात जास्त दिसला.

मोह होतो की ५.६ आणि ७.८ शेजारी ठेवावेत आणि 'मेन्यू जिंकला' म्हणून मोकळं व्हावं. ठेवू नका. पहिला आकडा व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांचा आहे, वर्षानुवर्षांचा. दुसरा कॅफेटेरियात आलेल्या सगळ्यांचा आहे, मेन्यू बदललेला असेपर्यंतचा. एकात डोक्यातला विचार बदलायचा प्रयत्न आहे, दुसऱ्यात ताटासमोरचा पर्याय. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. पण मेस कमिटीनं दोन्ही वाचावेत हे नक्की. व्याख्यानाला मुलं येतील न येतील, मेन्यूसमोर रोज दोनदा येतातच.

आणि आपल्याकडे?

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. लॉस एंजेलिसमधलं हे व्याख्यान उचलून आपल्या वसतिगृहात ठेवलं तर?

एक, आपल्याकडे पाया वेगळा आहे. आमच्या मेसमध्ये नॉनव्हेज आठवड्यातून दोनदा, तेही 'एक्स्ट्रा'च्या कुपनवर. बीफ नाहीच. जिथे मुळात दोन वाट्या आहेत तिथे कमी किती करणार, आणि त्यानं हवामानाला किती फरक पडणार?

दोन, चिकनच्या दिवशी आमच्याकडे शाकाहाऱ्यांना पनीर मिळतं. नॉनव्हेजचा वार कमी केला तर त्या दिवशीही पनीरच येणार, कारण 'स्पेशल' म्हणजे पनीर हे समीकरण पक्कं आहे. वरच्या यादीत पनीर नाही, पण ते दुधापासूनच बनतं आणि दूध बरंच लागतं, त्यामुळे ते मटकीच्या जवळ नसून चीजच्या जवळ असणार असा अंदाज करायला हरकत नाही. म्हणजे पर्यावरणासाठी केलेला बदल पर्यावरणाच्या विरुद्ध जाण्याची शक्यता खरीच आहे. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

तीन, आरोग्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, एकट्या मांसाहाराशी त्याची गाठ बांधणं चूक. पण रोज मांस खाणाऱ्या अमेरिकन मुलाला 'कमी खा' हा आरोग्याचा सल्ला आहे, तर आठवड्यातून दोनदा अंडं-चिकन मिळणाऱ्या मुलीला तेच वाक्य ऐकवणं हा सल्ला आहे की नाही, हे आधी तपासायला हवं.

चार, आणि हे सगळ्यात नाजूक. ऑक्सिडेंटलमध्ये 'शाकाहारी जेवण' हा एक पर्याय आहे. आपल्याकडे त्याला जात आहे, धर्म आहे, सोवळं-ओवळं आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दंडही झाला, हे तुम्ही वाचलं असेल. ज्या मुलाला खोली भाड्यानं घेताना 'नॉनव्हेज खाता का?' या प्रश्नाआड दुसराच प्रश्न विचारला गेलाय, त्याला स्टेजवरून 'मांस सोडा' असं सांगितलं तर तो कार्बनचा आलेख ऐकणार नाही. त्याला जे ऐकू येईल ते तो आधीही ऐकत आलाय. ट्रीटमेंट कागदावर तीच असेल, पण ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेली ट्रीटमेंट वेगळीच असेल. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात याला बाह्य वैधता म्हणतात आणि दोन परिच्छेदांत उरकतात. आपल्याकडे हा सगळा प्रश्नच तिथे आहे.

नवीन पान

शेवटी मी वाक्य असं लिहिलं :

"लॉस एंजेलिसमधल्या एका कॉलेजात हवामान आणि आरोग्य या दोन्ही विषयांवरचं एक व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांच्या कॅम्पसवरच्या खरेदीत, मांस असलेल्या जेवणांचं प्रमाण न ऐकलेल्यांच्या तुलनेत ५.६ टक्केबिंदूंनी कमी होतं, आणि तीन वर्षांत ही घट ओसरल्याचं दिसलं नाही."

लांबलचक झालंय, पोस्टरवर मावणार नाही. पण यातला एकही शब्द मला मागे घ्यावा लागणार नाही. त्याखाली मी कमिटीला सुचवलं की व्याख्यान आणि बंदी दोन्ही राहू द्या. रोजच्या जेवणात एक चांगली उसळ वाढवा, छोले, मटकी, चवळी, पातळ पाणी न करता. नॉनव्हेजला हात लावू नका. 'स्पेशल'च्या दिवशी पनीरच्या जोडीनं एखादा कडधान्याचा पदार्थ ठेवा. आणि कुपनं व उरलेलं अन्न महिनाभर नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी लॉस एंजेलिसचा आकडा उसना आणावा लागणार नाही. कमिटीनं उसळ मान्य केली, नोंदवही अजून आलेली नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ : आरोग्य किंवा पर्यावरण यांबद्दलची 'अभ्यासातून सिद्ध झालं' अशी एखादी बातमी घ्या. तिच्यातलं मुख्य वाक्य वहीत उतरवा. मग मूळ पेपर उघडून तीनच प्रश्न विचारा. प्रत्यक्षात दिलं काय? मोजलं काय? आणि आकड्याचा छेद कोणता? उत्तरांनुसार ते वाक्य पुन्हा लिहा. ते किती लांबलं ते बघा. जितकं लांबलं, तितकं बातमीत गाळलं गेलं होतं.